कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या चपला

बँकेच्या कॉम्प्युटरमधली नोंद बदलल्याचा आरोप माझ्यावर होता आणि माझ्या वकिलांना चपलांची पडली होती. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

दर रविवारी देवपूरहून पूल ओलांडून मी त्यांच्याकडे जायचो. पासवर्ड म्हणजे काय, फ्लॉपी म्हणजे काय, कागदावर चौकोन काढून समजवायचो. ते चष्मा कपाळावर सरकवून डोळे मिटायचे. "ते राहू दे. त्या थंड खोलीत चपला काढून जाता ना? कुठे काढता? आवरतं कोण?" पुढच्या रविवारी पुन्हा तेच! मी निलंबित, बायको बोदवडला माहेरी, आणि हा माणूस चपलांवर अडलेला. वकील बदलायचं मी ठरवलंच होतं.

तेवढ्यात बँकेच्या शिपायाची साक्ष निघाली. नोंद जेवणाच्या सुट्टीत बदलली होती आणि आपण त्या खोलीत कधी पाऊलही ठेवत नाही, असं मॅनेजर शपथेवर सांगून गेला होता. आबांनी शिपायाला अहिराणीतच विचारलं, "त्या टाइमले खोलीबाहेर कोन्या चपला व्हत्यात?"

"मॅनेजरसाहेबन्या," तो पटकन म्हणाला. "त्या रोज मीच सरळ करी ठेवस."

सुटलो त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर मी चिडूनच म्हटलं, "आबा, मी गुन्हा केला की नाही, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

चष्मा डोळ्यांवर घेत ते म्हणाले, "विचारलं असतं, तर तू पुन्हा कॉम्प्युटर समजवत बसला असतास."