महुआ आणि माझं पंचांग

काशीत शिंदे घाटाजवळच्या आमच्या मराठी घरात पंचांग पाठ असण्याचं कौतुक नव्हतं. तिथी चुकली तर मात्र बोलणी बसायची. तोच तोरा घेऊन मी देशाच्या हवामानबदल अहवालाच्या कामावर गेले. माझ्याकडे सोनभद्रच्या जंगलातली एक गोंड अम्मा सोपवली होती, जन्मभर महुआची, म्हणजे आपल्या मोहाची, फुलं वेचलेली. कुठल्या वर्षी पहिलं फूल कधी गळलं, ते ती लेकीच्या लग्नावरून, नातवाच्या जन्मावरून तिथीसकट सांगायची. त्या तिथींच्या तारखा मी करायच्या.

बैठक बनारसलाच भरली. अम्मा पहिल्या रांगेत. समितीतले एक साहेब माझा तक्ता बघत म्हणाले, "यांच्या मते फुलं हल्ली उशिरा गळतात. आमच्या नोंदी सांगतात, लवकर. यांची आठवण उलटी चालते. उद्या हे पान काढून टाकू." अम्माला सगळं कळत होतं. तिने मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तक्ता समोर होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी रंगपंचमी. गल्ली होळीलाच रंग खेळून मोकळी झालेली. दूधवाला माझा गुलाल बघून हसला, "चैत में रंग, बहनजी?"

अगं बाई! मी दाराशीच उभी राहिले. आमचा महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. होळीनंतरचा अंधारा पंधरवडा आमच्या घरी फाल्गुन, अम्माकडे मात्र चैत लागलेला. तिच्या चैतात अंधारा पंधरवडा आधी, उजेडाचा नंतर. पूर्वी फुलं चैताच्या उजेडाच्या पंधरवड्यात गळायची, आता अंधाऱ्यात, म्हणजे लवकरच! मी तिच्या अंधाऱ्या तिथी आमच्या चैत्राच्या शेवटी कोंबून महिनाभर पुढे ढकलल्या होत्या. जन्म काशीत गेला, आणि ही अक्कल!

तशीच गुलालासकट बैठकीत शिरले. "चूक माझी आहे, अम्मांची नाही," सगळ्यांसमोर सांगितलं आणि तक्ता नव्याने मांडला. एकेक वर्ष समितीच्या नोंदींशी जुळत गेलं. नोंदी सुरू होण्याच्या कितीतरी आधीची वर्षंसुद्धा अम्माकडे होती. साहेबांनी तक्ता वरपासून पुन्हा तपासला. मग स्वतःच म्हणाले, "पान राहील. आणि यांचं नाव आभारात नको, लेखकांत घ्या." मी टाळ्या पिटल्या, अगदी एकटीने. लाज कसली?

अम्माने पदराने माझ्या गालावरचा गुलाल पुसला.

"एवढं शिकलीस बिटिया," ती म्हणाली, "आणि आमचा चैत कधी लागतो, ते मला विचारायला काय झालं होतं?"