लाल दारांचं चर्च आणि आमचे बाबा

काळजी करण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस ना सांगलीत सापडेल, ना अमेरिकेत. सासूबाई गेल्यावर बाबा सहा महिन्यांसाठी मिशिगनमधल्या आमच्या छोट्या गावात आले आणि आल्या दिवसापासून घरातल्या सगळ्या काळज्या त्यांनी आपल्या ताब्यात घेतल्या. डिशवॉशर सुरू केला, की आतल्या कपांचं काय होत असेल म्हणून ते शेजारी उभे राहत. माझी लेक म्हणे, "आजोबा, चिल!" तर चिल म्हणजे हिला थंडी वाजतेय, असं समजून शाल घेऊन धावत. भविष्यकाळ अपुरा पडे म्हणून भूतकाळाचीही काळजी करत. "तेव्हा तुमचं विमान चुकलं असतं तर गं?" असं सात वर्षांपूर्वीच्या विमानाबद्दल विचारून चहा गार करत.

आमच्या घरासमोर लाल दारांचं, एपिस्कोपल पंथाचं जुनं चर्च आहे. त्याच्या छपरावर एक मेपलचा वृक्ष वाकलाय. तो पडेल, हे सांगायला बाबा एक दिवस रस्ता ओलांडून गेले आणि परत आले ते चकित होऊन. "अगं, तिथले पाद्री म्हणजे बाई आहेत! आणि एकट्या सगळं बघतात!" पाद्रीबाईंनी त्यांना कॉफी पाजून चर्चचा इतिहास सांगितला होता. लाकडाच्या गिरणीतल्या कामगारांनी ते बांधलं, एकदा जळलं, पुन्हा उभं केलं, आणि मग गिरणीच बंद पडली. इथे बाबांना राहवलं नाही.

"मग त्यांच्या पोराबाळांनी खाल्लं काय?"

"म्हणून तर गुरुवारचं जेवण सुरू झालं," बाई म्हणाल्या. "कामगारांच्या बायकांनी तळघरात मोठाली पातेली चढवली. ते आजही चालू आहे. तुम्ही मदतीला याल?"

बाबा एकही गुरुवार चुकवेनात. काम दाराशी उभं राहून स्वागत करण्याचं, पण ते करत काळजीच. सूप जपून प्या, काठी नीट धरा, टोपी कुठाय? आश्चर्य म्हणजे लोकांना ते आवडे. खिडकीपाशी बसणारा एक म्हातारा ट्रक-ड्रायव्हर तर त्यांची बोलणी खायलाच येई. तो एकटा राहायचा आणि घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असायचा.

जानेवारीत एका गुरुवारी बर्फाचं वादळ आलं आणि गावाची वीज गेली. चर्चमधला गॅस तेवढा चालू होता, म्हणून निम्मं गाव तळघरात जमलं. मीही लेकीला घेऊन गेले. बाबा मात्र दारातून हलेनात.

"ते ड्रायव्हर आले नाहीत."

"मुलीकडे गेला असेल," वाढणारं कुणीतरी म्हणालं. "तुम्ही बसा बरं."

"पण मशीन विजेवर चालतं ना त्यांचं? मग?"

पाद्रीबाईंनी हातातला डाव खाली ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. लेकीला तिथल्या वाढणाऱ्यांकडे सोपवून बाबा आणि मी त्यांच्याबरोबर निघालो. रस्ता काचेसारखा झाला होता. ठोठावूनही दार उघडेना, तेव्हा बाई मागच्या दाराने आत शिरल्या. म्हातारा खुर्चीत होता, अंगावर तीन ब्लँकेटं, ओठ निळे, आणि शेजारचा ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर संपत आलेला. अँब्युलन्स येईपर्यंत बाबा त्याचे तळवे चोळत राहिले.

म्हातारा वाचला. नंतर त्याची मुलगी त्याला आपल्या घरी घेऊन गेली.

त्या दिवशी परतताना बाबा म्हणाले, "सूनबाई, जन्मभर नुसती काळजी करत आलो गं. भीती आज वाटली."

मार्चमध्ये बाबा सांगलीला परत गेले. इथे राहा म्हणून आम्ही खूप विनवलं, पण ऐकलं नाही. आता तिथे ते एकटेच असतात. रोज सकाळी मी फोन करते. ते "मजेत आहे" म्हणतात, "जेवलो" म्हणतात आणि विषय बदलून चर्चची चौकशी करतात. आज फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. शेजारच्या काकूंना लावला, तर त्या म्हणाल्या, "अगं, दूध आणायला गेलेत. इतकी काय घाबरतेस?"

मी हसले. पण ते परत येईपर्यंत काकूंना फोन ठेवू दिला नाही.