जपानीचं ‘अपेक्षित’

बाळांनो, सांगलीत पुस्तकांच्या दुकानात कडेगावचे एक गृहस्थ रांग मोडून माझ्यापुढे घुसले, म्हणून त्यांचं नाव मी विचारलंच नाही. सोबत नर्स झालेली त्यांची मुलगी होती. जपानी भाषेची परीक्षा पास झाली तर तिला जपानात नोकरी, नाही तर यंदाच लग्न, हे त्यांनी कोणी न विचारता सगळ्या दुकानाला सांगितलं.

दुकानदाराने पुस्तक पुढे ठेवलं. गृहस्थांनी ते न उघडताच हातावर तोललं. “लय जाड हाय. अपेक्षित प्रश्नांचं बारकं पुस्तक न्हाई व्हय?”

“जपानीचं अपेक्षित निघत नाही, काका. शिकूनच पास व्हावं लागतं.”

“शिकून?” ते हसले. “आवं, तसं असतं तर आमचा थोरला इंजिनेर झाला असता का?”

आपल्या शिक्षणाबद्दल इतकं खरं बोललेलं मी कुठल्याच बक्षीस समारंभात ऐकलं नव्हतं.

मुलगी तोवर पुस्तक उघडून काउंटरच्या काचेवर बोटाने अक्षरं गिरवत होती. गृहस्थ दुकानदाराच्या कानाशी वाकले. “परीक्षेचं सेंटर पुण्यात हाय म्हनं. तितं आपलं कोन हाय का?”

बोट न थांबवता मुलगी म्हणाली, “मी हाय की, आबा.”