गोळीचा अर्धा भाग दुखण्याचा

“मॅडम, विमा कंपनीची नवी क्वेरी आलीय,” सलीम दारातूनच म्हणाला. “गोळीचा किती भाग दुखण्यासाठी दिला आणि किती भाग व्यसनासाठी, ते लिहून द्या म्हणतेत.”

मला वाटलं, सकाळी सकाळी चेष्टा करतोय. प्रिंट हातात घेतली तर खरंच तसं लिहिलं होतं. वर ‘कृपया’सुद्धा होतं.

सलीम आमच्या लातूरच्या दवाखान्यात विमा डेस्क सांभाळतो. मी मानसोपचारतज्ज्ञ. मूळची भोकरची, आता इथे व्यसनमुक्तीचा वॉर्ड बघते. गोळी होती मन्मथअप्पांची. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अप्पांची आडत आहे. शेतकऱ्यांचा माल त्यांच्या ओट्यावर उतरतो आणि ते तो व्यापाऱ्यांना विकून देतात. अप्पांच्या पाठीचं एक ऑपरेशन पूर्वी झालेलं. मणका सरळ झाला, दुखणं तसंच राहिलं. त्यावर कुणीतरी ट्रामाडॉलच्या गोळ्या दिल्या. हे अफूच्या जातीतलं दुखणं मारणारं औषध. थोडे दिवस घेतलं तर उपकारच, पण अप्पांचे थोडे दिवस संपेचनात. मग गोळी नसली की अंग मोडायचं, घाम फुटायचा, झोप उडायची. दुखतंय म्हणून गोळी की गोळी नाही म्हणून दुखतंय, हे त्यांनाही कळेनासं झालं. शेवटी भर सौद्यात त्यांना फिट आली. ट्रामाडॉलचा डोस वाढला की फिट येऊ शकते. पुढची फिट जिवावर बेतली असती, आणि हे मी त्यांना घाबरवूनच सांगितलं.

भरती केल्यावर मी त्यांना ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं. जिभेखाली विरघळणारी गोळी. ती जुन्या गोळ्यांची ओढ शांत करते आणि पाठीचं दुखणंही उतरवते. एकच गोळी दोन्ही कामं करते, हे आमच्या दृष्टीने तिचं कौतुक. विमा कंपनीच्या दृष्टीने हाच गुन्हा. कारण पॉलिसीत दुखणं बसतं, व्यसन बसत नाही.

मी टीपीएच्या डॉक्टरांना फोन लावला. टीपीए म्हणजे कंपनी आणि दवाखाना यांच्यामध्ये बसून कागद तपासणारे लोक.

“गोळीला मधोमध रेघ नाहीये, डॉक्टर,” मी म्हटलं.

“समजतं मला, मॅडम. पण सिस्टीममध्ये दोन रकाने आहेत. तुम्ही असं करा, व्यसन नाही असं लिहून द्या.”

“आहे ना पण.”

“मग अवघड आहे. मणक्याचं ऑपरेशन दाखवलंत तर आजच मंजूर करतो.”

म्हणजे ज्या दुखण्यावर पहिल्या ऑपरेशनचा उपयोग झाला नाही, त्यावर दुसरं करायचं. त्यानंतर पुन्हा कडक पेनकिलर द्यायच्या, आणि माणूस पुन्हा गोळ्यांवर. त्याला मात्र कंपनीची हरकत नव्हती. मी फोन ठेवला आणि चहा मागवला.

खरी पंचाईत पुढे होती. हे सगळं सलीमने अप्पांना प्रामाणिकपणे जाऊन सांगितलं.

“मग करून टाका की आपरेशन,” अप्पा मला म्हणाले.

“अप्पा, तुम्हाला त्याची गरज नाही.”

“गरजेचं न्हाई म्हणत म्या. हक्काचं हाय. इतकी वरसं हप्ते भरलो, एकडाव बी क्लेम केलो न्हाई. आपरेशन करीत नसताव तर मला सोडा. कंपनीला फुकट सोडून हितं पडून ऱ्हायचं म्हंजे लोक हसतील.”

खिशाला तोशीस पडेल असा हा माणूस नव्हता. त्यांचा हट्ट होता. मला मात्र दिसत होतं, आता घरी गेले की आठवड्याच्या आत मोंढ्यासमोरच्या मेडिकलात उभे राहणार. त्यांच्या पत्नी गंगाबाई पलंगाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला अप्पांचा भयंकर राग आला.

अशात टीपीएने तपासणीला माणूस पाठवला. नांदेडहून मोरे म्हणून अधिकारी आले. हसरे, घामाघूम झालेले, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी पहिलाच मुद्दा काढला पेन स्कोअरचा. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे आम्ही पेशंटला विचारून चार्टवर लिहितो.

“मॅडम, यांचा स्कोअर सकाळी दहा, दुपारी सहा, पुन्हा दहा. हे कसं?”

याचं उत्तर मला माहीत होतं, पण सांगायची लाज वाटत होती. अप्पा दुखण्याचा भाव करायचे. सिस्टरने विचारलं की म्हणायचे, “तुमी किती धरताव?” सिस्टर चार म्हणाली की हे दहा म्हणणार. चिवट सिस्टर असली की सहावर तुटायचं, नवी असली की दहाच लागायचे. म्हणून मी चार्टकडे बघणं सोडून दिलं होतं. ते कुशीवर कसे वळतात, संडासला कसे उठतात, ते बघून डोस ठरवत होते.

मोरेंनी थेट अप्पांनाच विचारलं, “काका, आत्ता किती दुखतंय?”

“समद्यांसमोर सांगू?” अप्पा म्हणाले.

मोरेंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली. पलंगाच्या दांडीवरचा टॉवेल घेऊन अप्पांच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. मोरेंचे वडील हळदीचे शेतकरी. वडिलांबरोबर बाजारात जाऊन ते हे शिकलेले. टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, भोवतालच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

टॉवेल हलत राहिला. मोरेंच्या भुवया वर गेल्या, अप्पांनी मान हलवली. सलीम श्वास रोखून बघत होता. माझ्या शिक्षणात हे कुठेच नव्हतं.

मोरेंनी हात काढला. “तीन,” ते म्हणाले आणि लिहिलं.

सलीमने कपाळाला हात लावला. “अप्पा, सात तरी म्हणायचं. आता म्हणतील दुखणंच कमी आहे, भरती कशाला?”

“टावेलाखाली खोटं बोलत न्हाईत,” अप्पा म्हणाले. “तोंडाचा भाव दाखवायचा आसतो. हाताचा खरा.”

सलीम म्हणाला तसंच झालं. संध्याकाळी नकार आला. व्यसन आहे म्हणून ते बसत नाही, आणि दुखणं तीनच आहे म्हणून तेही बसत नाही. औषध लागू पडलं, हेच क्लेम बुडायचं कारण झालं. मी उभ्या उभ्या हसले, आणि अप्पा आता निघणार म्हणून तशीच वॉर्डाकडे सुटले.

वॉर्डात गेले तर अप्पा शांत बसलेले.

“निघायचं का?” मी विचारलं.

“कसं निघू? कंपनी तीन बोलली आसती तर भांडलो आसतो. सौदा माझ्याच हातानं झाला. तीन म्हंजे हितली दवा लागू पडली, हे म्याच कबूल केलो. आता बदललो तर मोंढ्यात कोण बसू देईल?”

राहिले, म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. दाराकडे वळले, आणि थांबले. काय सुचलं कोण जाणे. परत येऊन खुर्ची ओढली. टॉवेल घेतला, त्यांच्या हातावर टाकला आणि माझा हात आत घातला.

“अप्पा, इथे आल्यापासून जुन्या गोळ्या किती घेतल्या?”

त्यांनी माझी दोन बोटं धरली.

“अजून आहेत?”

एक बोट.

मी हात काढला. अप्पांनी उशाची विभूतीची डबी उचलली आणि माझ्यापुढे धरली. राखेखाली कागदात गुंडाळलेली गोळ्यांची एक स्ट्रिप होती. मी रोज राउंडला येऊन विचारायचे आणि ते रोज ‘न्हाई’ म्हणायचे. त्यांनी सगळ्या घेतल्या असत्या तर माझ्याच वॉर्डात फिट आली असती.

गंगाबाई हळूच म्हणाल्या, “पूजेला ती डबी रोज म्याच हातात देत होते.”

अप्पांनी मान वर केली नाही. रडत होते. मीही फार बरी नव्हते.

अप्पा पदरचे पैसे भरून उपचार पुरे होईपर्यंत राहिले. आता महिन्याला उदगीरहून येतात, गोळी चालू आहे, ओट्यावर बसतात. कंपनीविरुद्ध तक्रार मी केली, ती अजून चालू आहे. तिथे नवी क्वेरी आलीय, स्कोअर मोजण्याची पद्धत कळवा म्हणून.

मोंढ्यातले पेशंट माझ्याकडे बरेच येतात. त्यांच्या चार्टवर मी हल्ली दोन आकडे लिहिते, एक तोंडाचा, एक टॉवेलाखालचा. औषध दुसरा आकडा बघून देते. कंपनीला पहिलाच लागतो.