शेंदराखालचा हुकूम

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. त्यात बापानं पोथी वाचायला शिकवलेलं, म्हणजे आगीत तेलच. लग्न होऊन भोकरदनच्या बाजूला या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दूत होती, आणि बाळबोध वाचणारी बाई गावात मी एकटीच. श्रावणात पोथी वाचण्यापलीकडं त्याचा काही उपयोग होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आमचं घर गुरवाचं. बारवेच्या तोंडाशी कमरेएवढा एक दगड उभा होता, त्याला सगळे बारवआई म्हणायचे. त्याची पूजा आमच्याकडं. दर अमावस्येला शेंदूर चढायचा आणि पहिलं बोट लावायचा मान पाटलाच्या घरचा. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर खाऊन आई अशी गोलमटोल झाली होती की तोंड कुठं नि पाठ कुठं ते कळत नव्हतं.

एका उन्हाळ्यात पाटलानं मोसंबीची बाग लावली आणि बारवेला फाटक बसवून कुलूप ठोकलं. म्हणे, बारव माझ्या वावरात हाय. झालं! आम्ही बाया डोक्यावर घागरी घेऊन नदीच्या डोहापर्यंत तंगडतोड करायला लागलो. आमच्या शेजारची पोटुशी बाई वाटेत भोवळ येऊन पडली. गावकऱ्यांनी तहसीलदाराकडं अर्ज केला, तर जागा बघून फैसला करू म्हणाला. तोवर ऊन काय थांबतंय?

त्या उन्हानंच आईची शेंदराची खोळ तडकली. खालचा एक टवका निखळला आणि मला अक्षरं दिसली.

"आत्याबाई," मी सासूला म्हटलं, "आईच्या अंगावर लिव्हलेलं हाय. खोळ काढू."

"गप बस! आईला नागवी करतीस व्हय?"

"मंग आई तहानेनं मरू द्या म्हणती का सगळ्यांना?"

त्यावर सासूनं माझ्याशी अबोलाच धरला. पण तहसीलदार आला त्या सकाळी पाहते तर म्हातारी चुलीपुढं तेल कोमट करून राह्यलेली. म्हणाली, "आईच खोळ टाकायची म्हनतीया. चल." ती खूप घाबरली होती. बारवेपाशी दगडाला तेल चोळून एका हातानं उलथनं चालवत होती, दुसऱ्यानं गालावर चापट्या मारून आईची माफी मागत होती. पाटील ओरडत होता, "बाटवली! आई बाटवली!" शेंदराची खपली पडली आणि सगळा गाव वाकून बघायला लागला.

आई नव्हतीच तिथं. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरांच्या ओळी, आणि तळाला एक गाढव नि त्याच्याखाली एक बाई. अगं बाई! मी पदर दातात धरला.

तहसीलदार चांगला माणूस होता. मला वाचता येतं म्हटलं, तर "पढो बेटी," म्हणाला. मी बोट ठेवून वाचायला लागले. कितीतरी अक्षरं झिजलेली, पण मतलब लागत गेला. राजानं ही बारव खोदवली ती गावासाठी, वाटसरूंसाठी, गुराढोरांसाठी. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे पाणी कुणी अडवायचं नाही. आणि जो अडवील... तिथं मी अडले.

"आगे?"

"पुढचं चित्रातच हाय, साहेब."

लोक हसले. पण तहसीलदारानं चष्मा पुसला आणि मान हलवली. दगड म्हणजे कागद नव्हे, सगळ्या कागदांची मिसल औरंगाबादला जाईल, वेळ लागेल. पाटलानं मिशीवरनं हात फिरवला. एवढं करून हातात काय, तर मिसल!

तेवढ्यात काठी टेकत पाटलाची आई पुढं आली. जन्मभर पहिलं बोट तिनंच लावलेलं. वाकून चित्राकडं बघत तिनं मला विचारलं, "पोरी, ही खालची बाई कोन गं?"

मी कशाला गप बसतेय? "पानी आडवील त्याची आई," म्हटलं.

म्हातारीनं दगडाकडं बघितलं, मंग लेकाकडं. "मुडद्या!" आणि काठी अशी बसली त्याच्या पाठीत की सगळा गाव मागं सरला. "तुज्या मोसंबीपायी मला गाढवाखाली घालतूस? अन्‌ मी खुळी जलमभर त्यालाच शेंदूर लावून राह्यले!" लेकाच्या कमरेची किल्ली तिनं करदोड्यासकट ओढली. कुलूप तिनंच काढलं. बाया अशा ओरडल्या, अशा ओरडल्या, की शिवारातली पाखरं उडाली. मी तर नाचलेच, नवी सून असून!

"कौन बादशाह था?" तहसीलदारानं विचारलं. मी पाहिलं, तर नेमकी नावाची जागा फुटलेली. तो हसला. "नाम गया, हुकूम बाकी है," म्हणाला आणि मिसल तिथंच मिटवून बस्त्यात बांधून टाकली. त्या दिवशी पहिलं पाणी मिळालं कुंभाराच्या गाढवांना, म्हाताऱ्या पाटलिणीच्या फर्मानानं, आणि ते शेंदून काढलं खुद्द पाटलानं.

अमावस्या आली. मान म्हातारीचाच. तिनं सूर्याला एक बोट लावलं, चंद्राला एक, आणि अक्षरांवर काही शेंदूर चढू दिला नाही. मला म्हणाली, "आता वाच. मोठ्यानं."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. दर अमावस्येला मी वाचायची. ती अडलेली जागा आली की मी थांबायची आणि पुढचं सगळ्या बाया मिळून म्हणायच्या. सगळ्यांत मोठा आवाज असायचा म्हाताऱ्या पाटलिणीचा.