कुजबुजबाईंची पहिली सभा

पडदा वर जातो. समोर नगरपालिकेचं सभागृह. लांब टेबल, एकवीस खुर्च्या, त्यांतल्या चारांवर बायका. कडेच्या खुर्चीवर आमची कुजबुज. मी मागे प्रेक्षकांच्या बाकावर, शेजारी तिचा किराणावाला दीर.

अठ्ठावीस वर्षं ती आमच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होती. मी रंगमंचावर राजा झालो, सावकार झालो, पण निम्मी वाक्यं विंगेतून तिनं पुरवलेली. आवाज असा बेतलेला की नटाला ऐकू जावा, पहिल्या रांगेला नाही. म्हणून तिचं नाव कुजबुज. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, दिरानं तिला निवडणुकीला उभं केलं आणि ती निवडून आली.

"वहिनी, तुम्ही नुसता हात वर करा. बोलायचं मी बघतो."

"भाऊजी, खुर्ची एकच आहे. मांडीवर बसणार का माझ्या?"

तिची सूचना साधी होती: बाजारात भाजीवाल्यांसाठी शौचालय. ती उठली, बोलली आणि बसली. कारकुनानं मान वर केली. "बाई काही म्हणाल्या का?" सभागृह हसलं. सवय हो, दुसरं काय.

मग कंत्राटदार सदस्य उठले. त्यांना त्याच जागेवर दुकानं हवी होती. भाषण पाठ केलेलं, पण मध्येच अडकलं. "त्या जागेवर... त्या जागेवर..."

त्यांच्या भाषणाचा छापील कागद सगळ्यांना वाटलेला, तसा कुजबुजच्याही पुढ्यात होता. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "गाळे बांधल्यास शहराची शोभा वाढेल."

"वाढेल," कंत्राटदार गरजले.

"वहिनी, तुम्ही नक्की कुणाच्या?" दीर कण्हला. मी कपाळाला हात लावला.

तिनं तो कागद पालथा घातला आणि पुन्हा उभी राहिली. यावेळचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"बाजारात चाळीस बायका बसतात. सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण जायला जागा नाही. साहेबांनी एक दिवस तसं बसून दाखवावं, मग शोभेचं बोलू."

अध्यक्ष गोड हसले. "ताई, मुद्दा चांगला आहे. पुढच्या सभेत घेऊ. बसा."

"हात मोजा, मग बसते."

मोजले. बाकीच्या तिघींचे आधी वर गेले, मग एकेक करत पुरुषांचे. बाजूनं बारा, विरुद्ध नऊ.

दीर लगबगीनं पुढे गेला. छाती अशी फुगलेली, जणू मतं त्यानंच आणली. "जिंकलात की वहिनी. चला आता घरी."

कुजबुजनं चष्मा पुसला आणि कामकाजाचं पान उलटलं.

"तुम्ही व्हा पुढे, भाऊजी. अजून सात विषय बाकी आहेत."