चाळीस म्हणजे चाळीस

ऑगस्टातला दुसरा शनिवार. रक्कम तीन हजार पाचशे. हजर तिघे: मी, माझी बायको आणि चौबे कॉलनीत स्वतःच्या घरी प्रोग्रामिंगचा क्लास घेणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. मी फीची पावती मागितली. तिनं वहीचं पान फाडून लिहून दिली.

रायपूर राजधानी झाल्यावर शहराबाहेरच्या आमच्या प्लॉटभोवती घरं उठली, पण आमच्या प्लॉटवर बायकोची रोपवाटिका तशीच राहिली. पाणी द्यायला शेजारच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, एक बाई रोज झारी घेऊन यायची. आम्ही तिला दीदी म्हणायचो. हे काम यंत्रानं व्हावं, ही कल्पना माझी. मातीतला ओलावा मोजायचा, तो कमी झाला की पंप आपोआप सुरू.

क्लासमध्ये सर्वांत मोठा मीच. मास्तरीणबाई घरात मराठी ऐकत वाढलेली, पण उत्तर हिंदीत द्यायची. "अंकल, हर लाइन को रजिस्टर में मत उतारिए, चलाकर देखिए."

मी उतरवत राहिलो. आठ रविवारांनी माझा प्रोग्राम तयार झाला: ओलावा चाळीस टक्के, पंप सुरू. आकडा मोबाइलवर दर अर्ध्या तासाला येई, सोबत पंप चालू की बंद तेही.

ऑक्टोबरात बायकोला बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस नागपूरला जावं लागलं. परत आल्यावर टोमॅटोची तीन हजार रोपं एका शेतकऱ्याला द्यायची होती. बयाणा घेऊन झाला होता.

"दीदीले येऊ द्या," ती म्हणाली.

"यंत्र आहे ना. दीदीला आठ दिवस सुट्टी."

सुट्टी बिनपगारी होती. ते मी बायकोला सांगितलं नाही, दीदीला सांगितलं.

पहिल्या दिवशी मी ऑफिसात आकडे लिहीत होतो. ४३. ४१.२. ४०.३. आता चाळीस होणार म्हणून चहासुद्धा घेतला नाही. पुढचा आकडा ३९.७. पंप बंद. वाटलं, यंत्र विचार करत असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ३१. पंप बंदच. मग मास्तरीणबाईला फोन केला आणि प्रोग्राम वाचून दाखवला.

"अंकल! आपने लिखा है, चालीस के बराबर हो तो पंप चले. चालीस से कम क्यों नहीं लिखा?"

"चाळीस ठरलं होतं. चाळीस म्हणजे चाळीस."

"वो चालीस पर रुका ही नहीं. ऊपर से सीधा नीचे निकल गया."

एकवीस वर्षं मी ऑफिसात हिशेब जुळवतो. पाच पैसे इकडेतिकडे असले तर बिल परत पाठवतो. ओलावा माझ्या टेबलावरून जात नाही, हे मला सुचलं नव्हतं.

नागपूरला कळवणं भाग होतं. बायको ऐकून घेऊन म्हणाली, "काहून, एकोणचाळीसवर रोपाले तहान नाही लागत? तुम्ही काय करून राहिले तिथं?"

प्रोग्राम दुरुस्त केला, पण तो यंत्रात भरायला प्लॉटवर जायला हवं होतं. सकाळी सहाला निघणार तोच मोबाइलवर आकडा आला: ५८. पंप बंद. पंप बंद असताना सत्तावीस टक्के आले कुठून? यंत्र बिघडलं, असं रजिस्टरात लिहिलं आणि स्कूटर काढली.

प्लॉटवर दीदी झारी घेऊन तिसऱ्या वाफ्यावर होती. पहिले दोन भिजलेले.

"दीदी, आपको तो छुट्टी दी थी न?"

"हव. छुट्टी मोला दे रहेव, रोपा ला थोरे." झारी न थांबवता म्हणाली. सुट्टी तिला होती, रोपांना थोडीच. "काली संझा देखेंव, मुँह ओरमा के खड़े रिहिन."

काल संध्याकाळी तिला दिसलेली माना टाकलेली रोपं मी मोजली. एकतीस गेली, बाकी उभी राहिली. दुरुस्त प्रोग्राम यंत्रात भरला, दुसऱ्या दिवशी दुपारी ३९.८ वर पंप सुरू झाला. दीदी तरीही रोज सकाळी येऊन पंपाकडे संशयानं बघून जायची.

रोपं शेतकऱ्यानं नेली. एकतीस कमी, तेवढी रक्कम वजा. दीदीला मी त्या एका सकाळचे अडीचशे देऊ केले. बायकोनं माझं रजिस्टर उघडून बिनपगारी सुट्टीची ओळ वाचली आणि माझ्यासमोर धरली. मी दीदीला आठ दिवसांचे दोन हजार रुपये रोख दिले.